हात असा पडायला हवा

१४ फेब्रुवारी १७७३, बाथ

सेलीने आज ही कोरी वही माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाली, "आजी, दिवसभर जे बडबडतेस ना, ते जरा यात बडबड. माझे कान तेवढेच विसावतील." बघा, आजीशी बोलायची ही रीत! पण वही मी ठेवून घेतली. मला अक्षरं आली ती शाळेत नव्हे, चादरींवरून. चाळीस वर्षं मी इथल्या बड्या घरांचे कपडे धुतले. चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने त्या त्या घराचं अक्षर घातलेलं असतं. ते ओळखता आलं नाही, तर एकीचा रुमाल दुसरीच्या नाकाला जायचा. म्हणून शिकले. माझं अक्षर टाके घातल्यासारखं दिसतं असं सेली म्हणते. दिसू दे. टाके उसवत तर नाहीत.

तर गोष्ट अशी. माझी नात सेलिना सतरा वर्षांची आहे. आईबाप लहानपणीच गेले, मीच वाढवली. ब्राउनजॉनबाईंच्या शिवणाच्या दुकानात ती शिकते. सात वर्षांचा करार, तो या मायकलमासला, म्हणजे सप्टेंबर सरता सरता पुरा होतो. त्या दिवशी बाईंच्या डोळ्यांदेखत एका बैठकीत एक बाही शिवून दाखवायची, झालरीसकट. जमली की पोरगी स्वतःच्या नावाची शिवणारी. मग तिला एक खिडकी हवी आहे, रस्त्याकडची, काचेआड एक टोपी मांडलेली. जेवताना, धुताना, भांडताना, त्या खिडकीशिवाय दुसरा विषय नाही.

आज बाईंनी तिला लेडी पेनफोल्डचा निळा साटीनचा झगा देऊन चित्रकार लँग्रिश साहेबांकडे पाठवलं. मला वाटायचं, मोठी बाई चित्रासाठी बसते म्हणजे अख्खी बसते. तसं नसतंच मुळी! बाईसाहेब तोंडापुरत्या तासभर येतात. तोंड झालं की निघाल्या पत्ते खेळायला. झगा मागे राहतो. चित्रकाराकडे माणसाएवढी लाकडी बाहुली असते, सांध्यासांध्यात वाकणारी. तिला तो झगा घालायचा आणि मानेखालचं सगळं तिच्यावरून रंगवायचं. सेली बाहुलीच्या बाहीतल्या चुण्या सरळ करत होती, तोच लँग्रिश साहेब म्हणाले, "थांब. बाहुली उचल तिथून. झगा तू घाल."

आमच्या घरात साटीन शिरलं ते आजवर फक्त इस्त्रीच्या फळीवर. आज ते माझ्या नातीच्या अंगावर होतं! मला तर आकाश ठेंगणं झालंय.

२२ फेब्रुवारी

स्वतः जाऊन बघून आले. लँग्रिश साहेब ठेंगणे आहेत, मखमली कोट घालतात, आणि दिवसभर तेला-रंगात वावरून त्यांच्या बाहीच्या झालरीवर एक डाग नाही. धुणारणीच्या नजरेला हे आधी दिसतं. डाग न पाडणारा माणूस मोठा, असं मी मानते. माझा म्हातारा डोली वाहायचा, त्याच्या सदऱ्याच्या खांद्यावर जो मळ बसला तो त्याच्याबरोबरच पुरला.

मी विचारलं, "साहेब, म्हणजे माझी नात पेनफोल्डांच्या दिवाणखान्यात टांगली जाणार?"

"मानेखालची, आजीबाई. मानेवर लेडीसाहेब."

"आणि हात?"

"हात सगळे तिचेच."

अंगावर मूठभर मांस चढलं. तिथे भिंतीला टेकून सहा बायका उभ्या होत्या, चित्रातल्या. कुणाला तोंड होतं, धड नव्हतं. कुणाला झगा होता, वर नुसता तपकिरी डाग. साहेब म्हणाले, तोंडं सगळ्यांची सारखीच कंटाळलेली असतात, बाई ओळखायची ती हातावरून. कामाचा हात मनगटात ताठ असतो. लेडीचा हात मनगटात स्वतःला विसरलेला असतो. किती सुंदर बोलतात! मग सेलीच्या दंडावर बोट ठेवून म्हणाले, "हे उन्हाचे ठिपके तेवढे घालवा. दोरीवर वाळत घातलेल्या पोरीचा हात दिसतो." आणि एक बरणी दिली. शिशाचा अस्सल सफेदा, मोठ्या बायका लावतात तोच. रोज सकाळी बोटांपासून खांद्यापर्यंत लावायचा. दुकानातून दुपारी येऊन उभं राहायचं, आणि साहेब तोंड रंगवण्यात गुंतले असतील तेव्हा पाट्याशी बसून सफेदा वाटायचा, कारण त्यांचा रंग वाटणारा गडी पोट दुखतं म्हणत नोकरी सोडून गेला. आजकालचे गडी!

ब्राउनजॉनबाई हो म्हणाल्या. चित्र टांगलं गेलं की झगा कुठे शिवला ते लोक विचारणारच.

८ मार्च

सकाळी सफेदा मीच लावते. व्हिनेगरचे दोन थेंब घालून कालवला की कसा गुळगुळीत बसतो. चाळीस वर्षं झालरींना खळ दिली, मला कुणी शिकवायला नको. रात्रीचा धुवायचासुद्धा नाही असं मी ठरवलंय. जितका मुरेल तितकं गोरं. वर माझे जुने हातमोजे चढवते.

समोरच्या खोलीत ओबेड टक राहतो. उभा जन्म त्याने दारं-खिडक्या रंगवल्या, आता चार वर्षं दोन्ही हात मनगटापासून लोंबतात, कोंबडीची मान मुरगाळल्यावर लोंबते ना, तसे. पाइपसुद्धा दोन्ही कोपरांत धरून ओढतो. तो आज अंगणातून ओरडला, "टॅबिथा, पोरीच्या केसात पांढरं काय आहे?"

"सफेदा आहे. साहेबांकडे वाटते ती."

"कोरडा वाटते? फडकं तरी बांधते का तोंडाला?"

"तोंड लपवायला ती काय दरोडेखोर आहे?"

"टॅबिथा, माझे हात कशाने गेले माहीत आहे ना तुला? त्या सफेद्याने."

मी हसून हसून दमले. म्हटलं, "ओबेड, तू गोठ्यांची दारं रंगवलीस. हे लँग्रिश साहेब आहेत. तुझा डबा आणि त्यांची बरणी एक कशी असेल?" मत्सर माणसाला उतारवयातही सोडत नाही.

११ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही, चादरींचा हंगाम होता. थंडी सरायच्या आत सगळं इंग्लंड बाथला झऱ्याचं गरम पाणी प्यायला येतं आणि सगळ्यांना धुवट चादर हवी असते.

सेलीला पोटात कळा येतात. मला आधी काळजी वाटली, मग आठवलं, हे तर बड्या घरचं दुखणं! लेडी पेनफोल्ड इथे कशाला येते? पोटातल्या कळांसाठीच. साध्या लोकांना जुलाब होतात, कळा मोठ्यांना येतात. तरी मी तिला, ते झऱ्याचं पाणी पाजतात त्या पंप रूमच्या मागल्या दारातून एक पेला आणून पाजला. ओकली. चेहरा कसा मेणासारखा फिकट झालाय, गाल आत गेलेत, माझ्या ओळखीच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ आली आहे. मी म्हटलं, धुणारणीची नात ना, नीळ कुठेतरी दिसणारच.

ती हसली नाही. आजकाल विनोदाला हसत नाही. तेही मोठेपणाचंच लक्षण.

साहेब मात्र अजून समाधानी नाहीत. म्हणतात, हात सुईचा आहे. हात सैल सोड म्हटलं की अंगठा आणि बोट आपोआप जवळ येतात, जणू सुई धरलीय. परवा त्यांनी ब्रशच्या दांड्याने तिच्या बोटांवर मारलं. बोटं लाल झाली तर मी संध्याकाळी वर जरा जास्तच सफेदा लावला.

२ मे

आज! आज ते झालं!

सेली उभी होती, उजवा हात खांबावर टेकलेला, तीन तास. साहेब म्हणाले, "मनगट जरा वर." तिने उचललं. उचललं ते राहिलंच नाही. हात मनगटातून असा खाली पडला, आपला आपण, पिकलेलं फळ देठातून वाकतं तसा. तिने पुन्हा उचलायला पाहिलं, तर पुन्हा पडला.

"हलू नकोस!" साहेब ओरडले. "देवा, हलू नकोस. हेच. हेच मी दहा वर्षं मागतोय!"

हे सगळं सेलीने मला सांगितलं नाही, साहेबांनी सांगितलं. ते स्वतः आमच्या गल्लीत आले! त्यांच्या बुटांना चिखल लागला! माझा हात धरून म्हणाले, "आजीबाई, तुमची नात खरीखुरी लेडी झाली." मी रडले. सेली चुलीपाशी बसून डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवत होती, उचलून ठेवत होती. साहेब म्हणाले, "बघा, कशी ठेवते! जणू पंखाच!"

३ मे

सेली दुकानात गेली नाही. अंगात त्राण नाही म्हणाली. मी तिला बन आणि दूध दिलं आणि आनंदाने दिवसभर गाणी म्हटली.

२९ मे

चित्र साहेबांच्या बाहेरच्या दालनात लावलं. डोल्यांची रांग चौकापर्यंत लागली होती. लेडी पेनफोल्ड स्वतःच्या तोंडासमोर उभी राहिली आणि तोंडाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. हाताकडेच बघत बसली. खरं सांगते, वही कुणी वाचणार नाही म्हणून, तोंड तसं मेंढीचं आहे. पण हात! निळ्या साटीनमधून असा ओघळलेला, जणू सगळ्या जगाने त्याला म्हटलं असावं, बाई तू काही करू नकोस.

सेलीला साहेबांनी पडद्यामागे बसवलं होतं. लेडीने बोलावलं. म्हणाली, "हीच का ती? उचल पाहू तुझा हात."

सेली म्हणाली, "उचलता येत नाही, बाईसाहेब."

"अय्या! येतच नाही?" तिने आपल्या पंख्याच्या टोकाने सेलीचा हात वर केला आणि सोडला. थप्. पुन्हा वर केला, सोडला. थप्. सगळ्या बायका हसायला लागल्या. तिसऱ्या वेळी एक गृहस्थ म्हणाला, "माझी मांजर मेली तेव्हा अशीच होती," तर सगळ्यांनी त्याला गप्प केलं, एवढं ते दृश्य सगळ्यांना आवडलं होतं.

माझ्या नातीला लेडी पेनफोल्डने तीनदा हात लावला. पंख्यानेच, पण लावला.

२० जून

गावाला वेड लागलंय. पंप रूममध्ये, बागेत, चर्चमध्ये, जिथे बघावं तिथे बायका हात लोंबवून चालतात. नृत्यशिक्षक वेगळा तास घेतो, नुसता मनगटाचा. एक म्हातारी बाई परवा पेला धरताना मुद्दाम मनगट टाकून बसली आणि गरम पाणी मांडीवर सांडलं, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या! आणि ब्राउनजॉनबाईंचं डोकं बघा. त्यांनी झालरींच्या आत शिशाच्या बारक्या गोळ्या शिवायला सुरुवात केली, म्हणजे मनगट वजनाने आपोआप पडतं. मागणी पुरी होत नाही. दुकानातल्या चार पोरी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत शिसं शिवतात.

हे सगळं माझ्या सेलीमुळे. साहेब आता प्रत्येक बाईच्या चित्रासाठी तिलाच उभी करतात. मी रस्त्यात थांबून बायकांना सांगते, "हा हात माझ्या घरचा आहे." काही जणी लगबगीने पुढे जातात. लाजतात बिचाऱ्या.

१२ जुलै

आज भांडण झालं. लिहू नये, पण लिहिते.

सेलीने सुईत दोरा ओवायला घेतला. उजव्या हाताचं तर झालंच होतं, आता डावाही पडायला लागलाय. दोरा तोंडात, सुई टेबलावर मेणात रोवलेली, आणि ही मान खाली घालून तोंडाने ओवते! तासभर. मग म्हणाली, "आजी, मी उद्यापासून जाणार नाही तिकडे."

"कुठे?"

"लँग्रिशकडे. आणि ते पांढरं लावू नकोस मला."

"काय झालं?"

"ओबेडकाका म्हणतात, सोडलं तर थोडे परत येतात कधी कधी. हात. लवकर सोडलं तर."

मी म्हटलं, "ओबेडकाका! त्या ओबेडच्या हातांचं चित्र काढलं का कुणी?"

"आजी, मला माझं बटण लावता येत नाही."

"मग मी लावते! लेडी पेनफोल्ड आपली बटणं आपण लावते होय?"

"मला लेडी नाही व्हायचंय. मला शिवायचंय. अडीच महिने राहिलेत."

"अगं, शिवून काय होणार आहेस तू? दुसऱ्यांचे झगे शिवशील. इथे तू स्वतः झग्यात उभी राहतेस. मी चाळीस वर्षं त्यांच्या अंगाचा घाम नदीत सोडला, मला कुणी पाहिलं का? तुला पाहतात. तुझ्यासारखं व्हायला बघतात. आणि तू मला सांगतेस, शिवायचंय!"

ती रडायला लागली. डोळे पुसायला हात उचलला, तो गालापर्यंत पोचलाच नाही. मी पुसले. मग मी म्हटलं, "माझ्यासाठी. या म्हातारीसाठी उन्हाळ्यापुरतं." तिने माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. मग होकाराची मान हलवली.

माझी गुणाची बाय.

उद्या सकाळी थोडा जास्तच सफेदा लावीन, म्हणजे लवकर काम उरकेल.

१९ ऑगस्ट

साहेबांनी सेलीच्या हाताचा साचा काढला. प्लास्टरचा! संतांच्या हाडांना जसं जपतात तसं तिच्या हाताला जपणार. मी समोर बसले होते. ओलं प्लास्टर घट्ट होताना फार तापतं म्हणे. सेली म्हणाली, "साहेब, भाजतंय." साहेब म्हणाले, "हात मागे घेऊ नकोस." ती म्हणाली, "घेता येतच नाही, साहेब." साहेब खो खो हसले. मोकळा माणूस आहे.

मग साच्यात पुन्हा प्लास्टर ओतून तो उघडला, तर आतून तिचाच हात निघाला, पांढरा, न थकणारा. साहेबांनी तो लाकडी बाहुलीच्या मनगटात खुंटीने बसवून पाहिला. चपखल! म्हणाले, "आता तू आली नाहीस तरी चालेल, पोरी. ही मला पुरेल."

सेली दारात थांबली. "साहेब, मायकलमासनंतर तुमच्या ओळखीने कुठे..."

"हो हो," साहेब म्हणाले, आणि प्लास्टरच्या हातावर बाही चढवायला लागले.

वाटेत मी तिला म्हटलं, बघ, आता विश्रांती! तुझ्या वतीने तुझा हात काम करतो. राणीलाही जमलं नसेल हे. ती म्हणाली, "आजी, पाय उचल जरा, पाऊस येतोय."

२९ सप्टेंबर, मायकलमास

आज सणाचं म्हणून बदक भाजलं होतं. अर्धं तसंच राहिलं.

महिनाभर सेली घरी होती. ओबेडने तिला चामड्याचे दोन पट्टे दिले, आत लाकडाची पट्टी असलेले, त्यांनी मनगट वर बांधलेलं राहतं. त्याने स्वतःसाठी करवून घेतले होते. दिसायला भयंकर, घोड्याच्या लगामासारखे. पाहुणे आले की मी काढून ठेवायचे. ते बांधून ती दिवसभर चिंधीवर टाके घालत बसायची. सुई पडायची, वाकायची, दातांनी उचलायची. दिवसाला एक बोटभर शिवण व्हायची. वाकडी. पण व्हायची.

आज मी तिच्याबरोबर दुकानात गेले. ब्राउनजॉनबाईंनी टेबलावर कापड ठेवलं, कापलेली बाही, झालर. बाकीच्या पोरी शिसं शिवता शिवता बघत होत्या. बाई म्हणाल्या, "ते पट्टे कसले?"

"याने हात राहतो, बाई."

"माझ्या दुकानात लगाम घालून कुणी शिवत नाही. काढ."

पट्टे काढले. सेलीने सुई उचलली. पडली. उचलली. पडली. सूर्य या खिडकीतून त्या खिडकीत गेला. चौथ्या तासाला बाहीवर सात टाके होते आणि एकावर तिच्या ओठातलं रक्त लागलं होतं, सुई दातात धरताना टोचली म्हणून.

बाईंनी बाही उचलून उजेडात धरली. "डाग पडला," म्हणाल्या.

मी म्हटलं, "बाई, अहो हा तोच हात! अख्ख्या गावाला हवा आहे तो!"

"अख्ख्या गावाला हवा आहे," बाई म्हणाल्या, "म्हणूनच माझं दुकान चालतं. माझ्या दुकानात मात्र तो मला नको." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "सात वर्षं, सेलिना. तू माझी सगळ्यात चांगली होतीस." आणि कराराचा कागद दुमडून खणात टाकला.

घरी येईपर्यंत मी बोलत राहिले. कुणीतरी बोलायला हवं ना.

१६ ऑक्टोबर

आजचा दिवस सोन्याने लिहावा असा. आमच्या दारात लेडी पेनफोल्डची डोली! मागे दुसरी डोली, त्यात त्यांची मुलगी, मिस ऑगस्टा, पंधरा वर्षांची, गोड, टपोऱ्या डोळ्यांची. या हिवाळ्यात तिचं चित्र निघणार आहे आणि वसंतात तिला लंडनला नेऊन लग्नाच्या बाजारात खपवायची आहे. सगळं आहे, फक्त हात पडत नाही. नृत्यशिक्षकाने हात टेकले. शिशाच्या झालरींनी मनगटाला नुसते काळे डाग पडले.

लेडी रुमाल नाकाला लावून म्हणाली, "त्या मुलीने ते कसं साधलं तेवढं सांगायला सांग."

सेली खुर्चीत होती, हात मांडीवर. पट्टे मी डोली दिसताच काढून पलंगाखाली सारले होते. तिने आधी लेडीकडे पाहिलं, मग त्या पोरीकडे. पोरीने विचारलं, "खरंच मुद्दाम नाही करत तू? आपोआप होतं?"

सेली त्या पोरीच्या हातांकडे बघत बसली, मला वाटलं, माझी इज्जत घालवते. मग तिच्या तोंडावर हसू आलं.

"आपोआप होतं, मिस. सोपं आहे. सफेदा लावायचा. बोटांपासून खांद्यापर्यंत. रोज."

"लेडी लावतातच की तोंडाला," मिस ऑगस्टा म्हणाली.

"तेवढ्याने नाही व्हायचं. आणि कोरडा वाटायचासुद्धा. स्वतः वाटायचा, दार-खिडक्या लावून, म्हणजे उडत नाही."

मला राहवेना. मी म्हटलं, "व्हिनेगर घालून कालवा, बाईसाहेब! आणि रात्री धुवायचा नाही. वर हातमोजे. ही युक्ती माझी!"

लेडी म्हणाली, "किती दिवस लागतात?"

"सीझन संपायच्या आत," सेली म्हणाली.

मिस ऑगस्टा तिच्या शेजारी गुडघ्यावर बसली, आमच्या त्या फरशीवर, रेशमासकट! सेलीचा हात तिने दोन्ही हातांत घेतला, तो तिच्या ओंजळीत नुसता पडून राहिला. "किती सुंदर आहे," ती म्हणाली. "दुखतं का गं?"

सेली म्हणाली, "सुरुवातीला नाही."

साहेबांनी दिलेल्या बरणीत बरंच उरलं होतं. मी ती बरणीच फडक्यात बांधून दिली. लेडीने मान हलवली. मला! तेवढ्यात समोरून ओबेड आला, कोपरांनी दार ढकलून, अनवाणी, अंगणातून धावत. "बाईसाहेब! बाईसाहेब, थांबा, ती बरणी..." डोलीवाल्यांनी त्याला बाजूला सारलं. तो हात उचलून थांबा म्हणायला गेला, हात लोंबलेच, आणि मिस ऑगस्टा डोलीतून बघून म्हणाली, "मम्मा, बघ, याच्याकडेसुद्धा आहे!" लेडी म्हणाली, "शी. ते वेगळं." डोल्या निघाल्या.

ओबेड आमच्या दाराकडे वळला. "सेलिना," तो म्हणाला, "हे काय केलंस पोरी?"

सेली म्हणाली, "आजी, दार लाव."

मी लावलं. बाहेर म्हातारा कोपरांनी ठोठावत होता, ठोठावू दे. वळून पाहिलं तर सेली अजून हसत होती. फेब्रुवारीनंतर आज पहिल्यांदा हसली माझी पोर. मी म्हटलं, "बघ, आपल्याजवळचं दुसऱ्याला दिलं की माणूस कसं हलकं होतं!"

"हो, आजी," ती म्हणाली.

मग मी तिचे डोळे पुसले. तिला पुसता येत नाहीत.